किती चालेल?

एक्स-रे रूममध्ये भिंतीआड पळणारा टेक्निशियन, त्याच्या खिशाला लावलेला बॅज आणि त्या बॅजमागे दडलेला एक आकडा... हा आकडा आला कुठून? अख्खं करिअर याच प्रश्नावर घालवणाऱ्या एका शास्त्रज्ञाची गोष्ट.

"श्वास रोखून धरा... हलू नका!" असं सांगून तो टेक्निशियन भिंतीआड सटकतो आणि आपण त्या थंडगार टेबलावर एकटेच उरतो. सेकंदभरात खट्ट आवाज, की झालं काम! पण तेवढ्या सेकंदात प्रत्येकाच्या मनात एक विचार हमखास येऊन जातो. च्यायला, एवढं सेफ आहे तर हा पळाला कशाला?

उत्तर सोपं आहे. तुमचा एक्स-रे वर्षातून एखादा. त्याचे दिवसाला पन्नास. तो आत थांबला तर थेंबे थेंबे तळं साचणार. म्हणून तो भिंतीआड जातो, आणि तरीही त्याच्या खिशाला एक छोटा बॅज असतो. त्या बॅजवरून त्याच्या अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजतात. आपल्याकडे नियम असा, की अशा कर्मचाऱ्याच्या अंगावर पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त पडता कामा नये, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता कामा नये. तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. (मिलिसिव्हर्ट म्हणजे शरीराला लागलेल्या रेडिएशनचं माप. बस्स, इतकंच लक्षात ठेवा.)

२० च का? १५ का नाही, ३५ का नाही? पाणी शंभर डिग्रीला उकळतं तसा हा काही निसर्गाचा नियम आहे का? की कुणीतरी एसी रूममध्ये बसून ठरवलं?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की एक नाव सारखं समोर येतं. लॉरिस्टन टेलर. जन्म १ जून १९०२, ब्रुकलिन, न्यूयॉर्क. मृत्यू २००४ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी! रेडिएशनच्या सान्निध्यात उमेदीची वर्षं काढलेला हा माणूस सेंच्युरी मारून गेला. पण मला त्याच्यात इंटरेस्ट वाटला तो वेगळ्याच कारणाने. हातात पुरेशी माहिती नसताना लाखो लोकांच्या जिवाशी संबंधित आकडा टेबलावर ठेवायचा आणि खाली सही करायची, हे काम या माणसाने पन्नास वर्षं केलं.

चवीपुरतं मीठ

आधी थोडा फ्लॅशबॅक. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म रॉन्टजेनला एक्स-रेचा शोध लागला. त्याच डिसेंबरमध्ये त्याने आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी! जग वेडं झालं. जो तो एक्स-रेच्या मागे. आज आपल्याला नवीन गॅझेटचं जसं वेड लागतं ना, अगदी तसंच.

पण हे गॅझेट चावणारं होतं. एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली हा असिस्टंट एक्स-रेची ट्यूब चालते की नाही हे आपल्याच हातावर तपासायचा. आधी केस गेले, मग कातडी, मग जखमा भरेनात. हात कापावे लागले. १९०४ साली तो गेला. एडिसनने धसका घेऊन एक्स-रेचं काम सोडून दिलं. पुढे १९३६ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एक्स-रे आणि रेडियममुळे प्राण गमावलेल्या डॉक्टर, शास्त्रज्ञ, नर्स वगैरेंचं एक स्मारक उभारण्यात आलं. उद्घाटनालाच त्यावर १६९ नावं होती.

गोची अशी, की किती एक्स-रे दिला हे मोजायचं कसं हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. डॉक्टर लोक एक देशी माप वापरायचे. कातडी लाल होईपर्यंत! म्हणजे 'लाल होण्याइतका डोस' हे झालं एक युनिट. आता तुमची कातडी आणि माझी कातडी सारखी थोडीच? एका हॉस्पिटलचं 'लाल' दुसऱ्या हॉस्पिटलच्या 'लाल'शी जुळणार कसं? स्वयंपाकात आई 'चवीपुरतं मीठ' सांगते ना, तसला प्रकार. फरक एवढाच, की भाजी खारट झाली तर टाकून देता येते.

पंचविशीतला नोकरदार

१९२७ साली टेलरने वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये नोकरी धरली. वय २५. म्हणजे तुमच्या-आमच्यातलाच एक! ही सरकारी संस्था मीटर, किलो, व्होल्ट यांची प्रमाणं सांभाळायची. टेलरला सांगण्यात आलं, की एक्स-रेचंही प्रमाण हवंय, बघ काय जमतंय.

त्याने वापरलेली आयडिया ऐकायला साधी आहे. एक्स-रे हवेतून गेला की हवेतल्या कणांवर विजेचा भार तयार होतो. मग एक बंद पेटी घ्या, आत धातूच्या दोन पट्ट्या लावा, त्यांना व्होल्टेज द्या आणि किती भार गोळा होतो ते मोजा. जितका एक्स-रे, तितका भार. कुणाची कातडी लाल करायची गरजच नाही! करायला मात्र हे महाकठीण. पेटीचा आकार, पट्ट्यांमधलं अंतर, हवेचा दाब, तापमान, सगळं काटेकोर लागतं. टेलरने ही उपकरणं बनवली. पुढे १९३१ साली एक नेता-आणता येण्याजोगी पेटी घेऊन तो युरोपात गेला आणि तिथल्या देशांच्या मापांशी आपलं माप ताडून पाहिलं. लंडनचा एक्स-रे आणि वॉशिंग्टनचा एक्स-रे एकाच भाषेत बोलू लागले ते अशा खटाटोपांमुळे.

त्याआधी, १९२८ साली, स्वीडनमध्ये स्टॉकहोमला रेडिओलॉजीची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे दोन मोठ्या गोष्टी झाल्या. एक म्हणजे 'रॉन्टजेन' या युनिटला सगळ्यांनी मान्यता दिली. दुसरी म्हणजे रेडिएशनपासून संरक्षणासाठी एक छोटी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. अमेरिकेचा प्रतिनिधी कोण? २६ वर्षांचा टेलर. त्याच समितीत स्वीडनचा रॉल्फ सिव्हर्ट होता. ज्याच्या नावाचं युनिट आज जगभर वापरतात, तोच हा. या समितीचं आजचं रूप म्हणजे आयसीआरपी. जगातले बहुतेक देश आपले नियम करताना तिच्या शिफारशींकडे बघतात.

परत आल्यावर १९२९ साली अमेरिकेची स्वतःची समिती स्थापन झाली आणि टेलर तिचा अध्यक्ष झाला. समितीत कोण होतं बघा. डॉक्टरांच्या संघटना, टेलरची ब्युरो आणि... एक्स-रे मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी! आजच्या भाषेत सांगायचं तर 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'. पण तेव्हा या विषयातलं कळणारी माणसंच मूठभर. समितीला कायद्याचं बळ नव्हतं, दंड करायचा अधिकार नव्हता. सल्ला द्यायचा आणि हँडबुक छापायचं. ऐकलं तर ऐकलं!

आणि गंमत म्हणजे, सगळ्यांना सावध करणाऱ्या या माणसालाही रेडिएशनचा मोठा डोस बसला होता. सुरुवातीच्या वर्षांत, मशीनचं कॅलिब्रेशन करताना. शिशाचं संरक्षक कवच जागेवर नव्हतं आणि मशीन चालू. तो वाचला, आणि पुढे पाऊणशे वर्षं जगला. पण एका माणसाला काही झालं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सिगरेट ओढून नव्वदी गाठणारे आजोबा प्रत्येकाच्या ओळखीत एखादे असतातच. नियम एका आजोबांवरून करायचे नसतात.

पहिला आकडा

मग नियम करायचे कशावरून? इथे खरी मजा आहे.

१९२५ साली आर्थर मुट्शेलर नावाच्या संशोधकाने न्यूयॉर्क परिसरातल्या काही चांगल्या एक्स-रे केंद्रांची पाहणी केली. तिथल्या कर्मचाऱ्यांना काही त्रास दिसत नव्हता. त्यांच्या अंगावर साधारण किती पडत असावं याचा त्याने हिशेब लावला आणि सांगितलं, महिन्याभरात 'लाल होण्याच्या डोस'च्या एक शतांशापेक्षा जास्त नको. का? तर इतकं घेणाऱ्यांना काही झालेलं दिसत नाही! सिव्हर्टही स्वतंत्रपणे जवळपास त्याच आकड्यावर पोचला होता. याला नाव पडलं 'टॉलरन्स डोस'. म्हणजे शरीर जेवढं सहन करतं तेवढं.

आता हे टेलरच्या नव्या युनिटमध्ये बसवायचं होतं. १९३४ साली अमेरिकेच्या समितीने सांगितलं, दिवसाला ०.१ रॉन्टजेन. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय समितीने सांगितलं, दिवसाला ०.२ रॉन्टजेन. टेलर दोन्हीकडे होता! मग एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट कसा? समोरची माहिती जवळपास तीच होती. फरक पडला तो 'राउंड ऑफ' कसं करायचं यावरून. एकाने खाली जास्त ओढलं, दुसऱ्याने कमी.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हादरलोच. मग नीट विचार केला. ज्या आकड्याला आपण 'सायन्स' म्हणून मान देतो, त्यात सायन्स आहेच, पण त्याच्या शेवटच्या टप्प्यावर एक माणूस बसलेला असतो. तो म्हणतो, "इतकं चालेल." आणि टेलरने ही गोष्ट कधी लपवली नाही. या सगळ्या समित्यांच्या बैठका, वाद, पत्रव्यवहार यांचा जाडजूड इतिहास त्याने स्वतःच लिहून १९७९ साली प्रसिद्ध केला. आकडा कसा शिजला, ते स्वयंपाकघर त्याने सगळ्यांना उघडं करून दाखवलं.

बायकोला, मुलीला चालेल का?

एक्स-रे बाहेरून येतो. पण रेडियम शरीराच्या आत गेलं तर?

अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या ठिकाणी तरुण मुली घड्याळांच्या डायलवर रेडियमचा रंग लावायचं काम करायच्या. अंधारात चमकणारे आकडे! ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायची त्यांना सवय लावलेली. दरवेळी थोडं रेडियम पोटात. रेडियमला शरीर कॅल्शियमसारखं वागवतं, म्हणजे ते थेट हाडांत जाऊन बसतं. जबडे सडले, हाडं मोडली, कित्येक जणी गेल्या. त्यातल्या पाच जणींनी केलेला खटला १९२८ साली तडजोडीने मिटला आणि देशभर गाजला.

१९४१ साली युद्धाचे ढग जमू लागले. अमेरिकन नेव्हीला चमकणाऱ्या डायल पुन्हा मोठ्या संख्येने हव्या झाल्या आणि नेव्हीला नियम हवा होता. टेलरच्याच ब्युरोच्या छत्राखाली एक समिती बसली. त्यात रॉब्ली इव्हान्स नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने रेडियम शरीरात असलेल्या माणसांचा अभ्यास केला होता. हाताशी किती जण? फक्त २७! त्यातल्या सात जणांच्या शरीरात अर्धा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी रेडियम होतं, त्यांना त्रास दिसत नव्हता. वीस जणांच्या शरीरात १.२ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि त्या सगळ्यांना कमी-अधिक इजा झालेली.

इव्हान्सने समितीतल्या लोकांना एक साधा प्रश्न टाकला. असा आकडा सुचवा, की तेवढं रेडियम तुमच्या स्वतःच्या बायकोच्या किंवा मुलीच्या शरीरात असेल तरी तुम्ही निर्धास्त राहाल. त्या कसोटीवर एकमत झालं ०.१ मायक्रोग्रॅमवर. पुढे अणुबॉम्बच्या प्रकल्पात प्लुटोनियमची मर्यादा ठरवतानाही याच आकड्याचा आधार घेतला गेला.

मला ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात प्रामाणिक बैठक वाटते. डेटा तुटपुंजा आहे हे मान्य करायचं, तरी निर्णय टाळायचा नाही, आणि निर्णय घेताना समोर 'कामगार' न बघता आपल्या घरचं माणूस बघायचं.

शब्द बदलला, जग बदललं

युद्ध संपलं. हिरोशिमा-नागासाकी झालं. रेडिएशन आता फक्त डॉक्टरांचा विषय राहिला नाही. १९४६ साली टेलरच्या समितीची फेररचना झाली. तिलाच आज एनसीआरपी म्हणतात. त्याच वर्षी हर्मन मुलर या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. एक्स-रेमुळे माशांच्या, म्हणजे फळांवर घोंगावणाऱ्या त्या चिलटांच्या, पुढच्या पिढ्यांत बदल होतात हे त्याने १९२७ सालीच दाखवलं होतं. म्हणजे कातडी लाल झाली नाही, तरी आत काहीतरी बिघडू शकतं!

इथे 'टॉलरन्स' या शब्दाचं पितळ उघडं पडलं. शरीर इतकं सहन करतं असं आपण म्हणतो खरं, पण सहन करतंय की फक्त दिसत नाहीये? म्हणून १९५४ सालच्या एनसीआरपीच्या हँडबुकात नवा शब्द रूढ झाला, 'मॅक्झिमम पर्मिसिबल डोस'. जास्तीत जास्त परवानगी असलेला डोस. वरवर बघता शब्दांचा खेळ, पण अर्थ जमीन-अस्मानाचा. 'सहन होतो' म्हणजे धोका शून्य. 'परवानगी आहे' म्हणजे धोका थोडा असेल, पण आपण तो विचार करून स्वीकारतोय.

आणि आकडे उतरत गेले. मी बसून ढोबळ हिशेब करून पाहिला. १९३४ चा अमेरिकन नियम, दिवसाला ०.१ रॉन्टजेन, म्हणजे आजच्या भाषेत दिवसाला साधारण १ मिलिसिव्हर्ट, वर्षाचे कामाचे दिवस धरले तर ३०० च्या घरात. १९५४ ला तो वर्षाला १५० च्या आसपास आला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ५०. आणि १९९० साली आयसीआरपीने तो सरासरी २० वर आणला. म्हणजे १९३४ साली कर्मचाऱ्याला एका दिवसात जेवढं चालायचं, जवळपास तेवढंच आज सामान्य माणसाला अख्ख्या वर्षात चालतं!

आजोबा विरुद्ध सगळे

१९६४ साली अमेरिकन काँग्रेसने एनसीआरपीला अधिकृत सनद दिली. १९७७ पर्यंत टेलरच तिचा अध्यक्ष होता. पण या काळात हवा पार बदलली होती. अणुचाचण्यांची धूळ जगभर पसरत होती. १ मार्च १९५४ च्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि जगभर संताप उसळला. आयांनी दुधाबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९६९ साली जॉन गॉफमन आणि आर्थर टॅम्प्लिन या शास्त्रज्ञांनी जाहीर मागणी केली, की मर्यादा दहापट कमी करा.

टेलर या लोकांच्या बाजूने नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. नाहीतर त्याची हिरोछाप गोष्ट होईल. त्याचं म्हणणं, आपल्याला पुरेसं कळलंय, आता जे चाललंय ते भीती आणि राजकारण. १९८० साली जेरुसलेममध्ये त्याने सिव्हर्टच्या नावाचं व्याख्यान दिलं, त्याचा विषयच होता रेडिएशनच्या नियमांवर पडणारे सायन्सबाहेरचे प्रभाव. अगदी बारीक डोस कोट्यवधी लोकांना गुणून 'इतके हजार मरणार' असे आकडे काढण्याला त्याचा कडाडून विरोध होता. १९३४ चे नियम पाळून काम करणाऱ्या कुणालाही ओळखता येईल अशी इजा झालेली नाही, असा त्याचा दावा होता.

यात ग्यानबाची मेख आहे ती 'ओळखता येईल अशी' या शब्दांत. भाजलेला हात ओळखता येतो. पण वीस वर्षांनी झालेला कॅन्सर रेडिएशनमुळे झाला की आणखी कशाने, हे त्या कॅन्सरवर लिहिलेलं नसतं. एका माणसाकडे बघून ते कधीच कळणार नाही. लाखो माणसं, दशकानुदशकं मोजावी लागतात. जपानमध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांसह सुमारे १ लाख २० हजार लोकांचा पाठपुरावा १९५० पासून चालू आहे. ऐंशीच्या दशकात त्यांच्या डोसचा हिशेब नव्याने मांडला गेला, कॅन्सरचा धोका आधी वाटला होता त्यापेक्षा जास्त निघाला, आणि १९९० ला मर्यादा खाली आली. पुढे फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३ लाखांहून जास्त अणुउद्योग कर्मचाऱ्यांचा एकत्र अभ्यास झाला. २०१५ आणि २०२३ च्या त्याच्या निष्कर्षांत कमी-कमी करत साठलेल्या डोसबरोबरही कॅन्सरचा धोका थोडा वाढताना दिसला. थोडा, पण वाढताना.

वाद संपलाय का? छे! केरळच्या करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक रेडिएशन बरंच जास्त आहे. तिथल्या लोकांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कॅन्सर वाढलेला दिसला नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तिथल्या अणुनियामक आयोगाला 'कितीही कमी डोस असला तरी थोडा धोका धरायचा' या गृहीतकाचाच फेरविचार करायला सांगितलं. टेलर असता तर खूश झाला असता, असं मला उगाच वाटून गेलं.

अणुशक्तीनगरचा पत्ता

आता आपल्या मुंबईत येऊ. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आहे अणुशक्तीनगरला. वर सांगितलेले २०, ३० आणि १ हे आकडे त्यांचे. टेक्निशियनच्या खिशावरच्या बॅजला टीएलडी म्हणतात. आतल्या चकत्यांमध्ये असं रसायन असतं, की ते रेडिएशनची 'आठवण' धरून ठेवतं. साधारण तीन महिन्यांनी बॅज लॅबमध्ये जातो, चकती तापवतात, ती मंद चमकते. जितकी चमक, तितका डोस. शेजारच्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीने हे तंत्र देशात रुजवलं.

पण आकडा कागदावर असून भागत नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत असलेलं एक जुनं यंत्र येऊन पडलं. विद्यापीठाने ते लिलावात काढलं होतं. भंगारवाल्याला काय ठाऊक आत काय आहे! अनेक जण भाजले, एकाचा मृत्यू झाला. नियम होते, आकडे होते. त्या यंत्रापाशी उभं राहून "हे काय आहे?" असं विचारणारं कुणी नव्हतं.

आणि हाच प्रश्न आपल्यापाशी येऊन थांबतो. कारण एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. टेक्निशियनला मर्यादा आहे, तुम्हाला नागरिक म्हणून मर्यादा आहे, पण पेशंट म्हणून तुम्हाला कुठलीच मर्यादा नाही! हे बरोबरच आहे. ॲक्सिडेंट झालेल्या माणसाला 'तुमचा कोटा संपला' सांगून सीटी नाकारायचा का? पेशंटसाठी आकडा नसतो, प्रश्न असतो. हे करून फायदा किती? आयसीआरपीचं तत्त्वच आहे, आधी समर्थन द्या, मग शक्य तेवढं कमी द्या.

छातीचा साधा एक्स-रे साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. पोटाचा सीटी स्कॅन ८-१० च्या आसपास, मशीन आणि पद्धतीनुसार कमी-जास्त. आणि जमीन, हवा, अन्न, अंतराळ यांतून जगातल्या प्रत्येकाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट फुकटात मिळतंच. म्हणजे एक सीटी म्हणजे निसर्गाची तीन-चार वर्षं. घाबरण्यासारखं? नाही. डॉक्टरने गरज म्हणून सांगितला तर बिनधास्त करा, न केल्याचा धोका कितीतरी मोठा असतो. पण काहीही होत नसताना, ऑफिसच्या मित्राने केला म्हणून, डिस्काउंट पॅकेजमध्ये 'फुल बॉडी सीटी' आहे म्हणून? अमेरिकेच्या एफडीएनेही काही लक्षणं नसलेल्या माणसांना याचा फायदा सिद्ध झालेला नाही, असं स्पष्ट सांगितलंय.

पुढच्या वेळी हे विचारा

• ही तपासणी कशासाठी? रिपोर्ट आल्यावर माझ्या उपचारात काय बदलणार?
• सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? त्यात हे रेडिएशन नसतं.
• हाच स्कॅन आधी झालाय का? जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा, दाखवा. रिपीट टळतो.
• दिवस राहिले असतील किंवा शक्यता असेल तर आधी सांगा. लाजू नका.
• सेंटरकडे एईआरबीचं लायसन्स आहे का? विचारायला पैसे पडत नाहीत.

रॉन्टजेनच्या नावाने युनिट आहे, सिव्हर्टच्या नावाने आहे. टेलरच्या नावाने युनिट नाही. एनसीआरपीत दरवर्षी त्याच्या नावाचं व्याख्यान होतं, एवढंच. पण त्याने मोजमाप दिलं म्हणून आपण आज 'किती?' असं विचारू तरी शकतो. 'चालेल का?' याचं उत्तर मात्र कुठल्याच पेटीत मिळत नाही. ते १९३४ मध्ये माणसांनी ठरवलं, १९४१ मध्ये माणसांनी ठरवलं, १९९० मध्ये माणसांनी ठरवलं. तुमच्या बाबतीत ते ठरवताना तुमचा डॉक्टर टेबलाच्या पलीकडे बसलेला असेल. अलीकडच्या खुर्चीत तुम्ही असाल. तोंड उघडा!